ताकाचं भांडं आणि लोण्याचा पैसा



'ताकाला जाऊन भांडं लपवायचं' ही म्हण आपण उठता-बसता वापरतो. मागायलाच आलीस, मग आता लाजतेस कशाला, एवढाच तिचा अर्थ. पण ही म्हण जरा थांबून ऐकली की तिच्यातून एक अख्खी सकाळ दिसायला लागते. एका घरी पहाटेच घुसळण झालेली आहे. दुसऱ्या घरी दुभतं जनावर नाही. लेकरांच्या भाकरीसंगं काहीतरी ओलं हवं म्हणून त्या घरची बाई पदराआड तांब्या धरून ओसरीखाली उभी आहे. 'ताक द्या' म्हणायला तिची जीभ उचलत नाही. मला नेहमी वाटतं, ही म्हण मागणारीनं केलेली नसणार. ती ओसरीवर बसलेल्या, डेऱ्याच्या मालकिणीनं केलेली असणार.

आज आपण लोण्याबद्दल बोलणार आहोत. बी.ए.ला माझा इतिहास होता. त्यात देवगिरीचे यादव होते, मलिक अंबर होता, औरंगजेब होता, निजाम होता. लढाया आणि तहांच्या सनावळ्या मी पाठ केल्या. रवी मात्र एकाही पानावर भेटली नाही. आणि या सगळ्या राजांच्या काळात आपल्या पैठण-वैजापूर-कन्नडकडच्या घरांत सकाळी पहिला आवाज व्हायचा तो जात्याचा आणि रवीचा.

ज्या मुलींनी पिशवीतलं दूधच पाहिलं आहे, त्यांच्यासाठी आधी काम सांगते. काढलेलं दूध चुलीच्या वैलावर मंद आचेवर ठेवायचं, उतू जाऊ द्यायचं नाही. हळूहळू त्यावर जाड, तांबूस साय धरते. दूध कोमट झालं की विरजण लावायचं. बोट घालून पाहायचं, चटका बसू नये आणि गारही लागू नये. थंडीत भांड्याभोवती गोधडीचा तुकडा गुंडाळायचा. दही लागलं की शिंक्यावर, मांजराच्या वर. एक-दोन म्हशींच्या घरात रोज घुसळण व्हायची, एखादी गाय असलेल्या घरात दोन-तीन दिवसांचं साठवून.

घुसळायला मातीचा डेरा. तो जमिनीवर हलू नये म्हणून खाली चुंबळ. शेजारी घुसळखांब, त्याला रवी वर-खाली दोन ठिकाणी दोरीच्या फासांत अडकवलेली, म्हणजे ती सरळ उभी राहते आणि डेऱ्याच्या काठाला धडकत नाही. रवीच्या दांड्याला दोरीचे वेढे द्यायचे आणि दोन टोकं दोन हातांत धरायची. उजवा हात ओढला की रवी एकीकडे फिरते, डावा ओढला की उलटी. हे उलट-सुलट फिरणंच महत्त्वाचं. दुधातली चरबी बारीक बारीक थेंबांत असते आणि प्रत्येक थेंबाभोवती पातळ पापुद्रा असतो. सारखे धक्के बसले की तो पापुद्रा फाटतो आणि थेंब एकमेकांना चिकटत जातात. आधी कण, मग रवा, मग गोळा. आपल्या आज्यांना पापुद्र्याचं कोणी सांगितलं नव्हतं, पण त्यांना आवाज कळायचा. सुरुवातीला डेरा भरल्यासारखा जड बोलतो, मग फेस येतो, आणि लोणी आलं की पाणी खळखळल्यासारखा आवाज मोकळा होतो. तिथं दोरी सोडायची. पुढं घुसळत राहिलं तर आलेलं लोणी परत ताकात मोडतं.

उन्हाळ्यात लोणी पातळ होऊन हाताला लागत नाही, म्हणून माठातलं गार पाणी घालायचं आणि घुसळण तांबडं फुटायच्या आत उरकायची. हिवाळ्यात उलट, कण घट्ट होऊन एकत्र येईनात, तेव्हा ओंजळभर कोमट पाणी. किती घालायचं याचं माप कुठं लिहिलेलं नव्हतं. सासू सांगायची, सून चुकायची, पुढच्या वर्षी तिला कळायचं.

गायीचं लोणी पिवळसर, म्हशीचं पांढरंशुभ्र. चाऱ्यातलं पिवळं रंगद्रव्य गायीच्या दुधात तसंच उतरतं, म्हशीचं शरीर त्याचं अ जीवनसत्त्व करून टाकतं, म्हणून पांढरं. म्हशीच्या दुधात चरबी साधारण सहा-सात टक्के, गायीच्या चार टक्क्यांच्या आसपास. म्हणून लोण्यासाठी म्हैस. आपल्या भागातली मराठवाडी म्हैस दूध फार देत नाही, पण कडब्यावर आणि वाळल्या गवतावर तग धरते.

ताज्या लोण्यात पाचवा हिस्सा तरी पाणी असतं. आपल्या उन्हात ते चार दिवसांत वास मारायला लागतं. म्हणून आपल्याकडे लोणी हा मुक्काम नव्हता. लोणी जमवायचं आणि कढवायचं, की तूप. तूप महिनोन्महिने टिकतं, बाजारात नेता येतं, पाहुण्याला वाढता येतं. तळाशी उरलेली बेरी साखर किंवा गूळ घालून पोरांना. बेरीसाठी भावंडांत झालेली भांडणं आठवत असतील, तर तुम्ही माझ्या वयाच्या किंवा थोड्या मोठ्या आहात.

आता जुन्या काळात जाऊ. गुजरातेत कच्छमध्ये कोटडा भाडली नावाची हडप्पा काळातली वस्ती आहे. तिथल्या खापरांच्या तुकड्यांत शास्त्रज्ञांना दुधाच्या चरबीचे अंश सापडले. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचे. हे २०२० साली प्रसिद्ध झालं. जिनं कधी मातीचा डेरा घासला आहे तिला यात नवल वाटणार नाही. कितीही उन्हात वाळवा, राखेनं घासा, मातीत मुरलेलं दूध निघत नाही.

शब्दही खापरासारखेच असतात. लोणी आलं संस्कृत नवनीतावरून, म्हणजे नुकतंच काढलेलं. ताक आलं तक्रावरून. पण तूप? हिंदीवाल्यांचं घी घृतावरून आलं. आपलं तूप प्राकृतातल्या 'तुप्प'शी जुळतं, आणि कानडीत आजही तुपाला तुप्पच म्हणतात. म्हणजे ताटातल्या भाताचं माहीत नाही, पण भातावरच्या धारेपुरतं आपलं नातं उत्तरेपेक्षा कर्नाटकाशी जवळचं.

समुद्रमंथनाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. मंदार पर्वताची रवी, वासुकी नागाची दोरी, एका टोकाला देव, दुसऱ्या टोकाला दैत्य. ज्यानं कोणी ती गोष्ट रचली, त्यानं लहानपणी आईला घुसळताना पाहिलेलं असणार, याबद्दल मला शंका नाही. दोन्ही टोकं आळीपाळीनं ओढावी लागतात हे त्याला बरोबर माहीत होतं. फक्त गोष्टीत दोरी ओढायला सगळे पुरुष आले.

आपल्या पैठणचे संत एकनाथ, १५३३ ते १५९९ हा त्यांचा काळ. त्यांनी भारुडांसारख्याच गौळणीही लिहिल्या. पुढं तमाशातही गवळण आली ती आजवर आहे. त्यात बायका डोक्यावर दूध, दही, लोणी घेऊन मथुरेच्या बाजाराला निघतात आणि वाटेत कृष्ण अडवतो. आपण त्यातला खट्याळपणा ऐकतो, हसतो. मी जरा व्यवहाराच्या बाजूनं ऐकते. या बाजाराला निघालेल्या बायका आहेत. माल त्यांनी तयार केलेला आहे, डोक्यावर त्यांनी उचललेला आहे, भाव त्याच करणार आहेत. आणि अडवणारा म्हणतो, गावचं लोणी शहराला चाललं, गावची पोरं काय खातील? दोघांचंही म्हणणं खरं आहे. पैठणला नाथषष्ठीची सांगता काल्याच्या दहीहंडीनं होते, तो काला म्हणजे याच भांडणावरचा एक जुना तोडगा आहे: सगळ्यांच्या शिदोऱ्या एकत्र करून सगळ्यांनी खायच्या.

रायगडची हिरकणीही दूध विकायला गडावर गेलेली गवळणच. दरवाजे बंद झाले म्हणून तान्ह्या लेकरासाठी अंधारात कडा उतरली. ती दंतकथा म्हणा, पण बुरुजाला तिचं नाव आहे. आज एस.टी.च्या गाडीला आणि बसस्थानकावरच्या स्तनपानाच्या खोलीलाही तिचंच नाव आहे. ती रोज गड चढून दूध घालत होती, त्याचे पैसे कमवत होती, तेवढं मात्र नाव देताना मागे राहिलं.

मग लोण्या-तुपाचा हा पैसा कोणाचा होता? खेड्यात एक रीत होती. दूध विकायचं नाही, आणि ताक तर मुळीच विकायचं नाही. ताक विकणं म्हणजे घराची अब्रू विकणं. विकायचं ते लोणी आणि तूप. आठवडी बाजारात, नाहीतर गावात फिरणाऱ्या व्यापाऱ्याला. शेतातलं धान्य, कापूस पुरुषाच्या हिशेबात. तुपाचा पैसा बायकांच्या हिशेबात. निजामाच्या राज्यात, म्हणजे १९४८ पर्यंत, तो हाली शिक्क्यात यायचा, पुढं आपल्या रुपयात. तो जायचा उतरंडीतल्या एखाद्या मडक्यात, डाळीखाली. त्यातून मुलीची जोडवी, बाळंतिणीचा डिंक, पोराची पाटी, भावाकडं जायचं तिकीट. शेजारणीला अडीनडीला उसनेही त्यातूनच, बिनव्याजी. नाबार्डनं बचत गट बँकांना जोडायचं काम १९९२ साली सुरू केलं. कागदावर आपण तेव्हापासूनच्या. उतरंडीत आपण त्याच्या कितीतरी आधीपासून आहोत.

पण हे सगळं गोड गोड करून सांगायला मला आवडत नाही. 'बायकांच्या हिशेबात' म्हणजे बहुतेक घरांत सासूच्या हिशेबात. पहाटे उठून हाताला घट्टे पडेपर्यंत दोरी ओढायची ती सुनेनं, आणि मडक्याचं तोंड उघडायचं ते सासूनं. लोण्याचा गोळा मुलाच्या भाकरीवर, तूप घरधन्याच्या ताटात, सुनेच्या वाट्याला ताक. गरोदर असली तरी. सून पुढं सासू झाली की तीही तेच करायची, तिला दुसरं काही दिसलेलंच नव्हतं.

आणि फुकटचं ताक तरी खरंच फुकट होतं का? ज्या घरी ताकाला जायचं, त्या घरचा गोठा झाडायला, सणासुदीला दळायला-कांडायला बोलावलं तर नाही म्हणता येत नसे. 'ताकापुरतं रामायण' ही दुसरी म्हण बघा. ताक मिळेपर्यंत गोड गोड बोलत बसावं लागतं, म्हणून ती हसण्यावारी नेलेली आहे. त्यातही सगळ्यांना ताक सारखं मिळत नव्हतं. कोणाला घरात बसवून, कोणाला ओसरीखाली उभं करून, आणि दलित बायकांच्या भांड्यात वरून, भांड्याला भांडं लागू न देता. ताक तेच, डेरा तोच. आपल्या गटात आज सगळ्या वस्त्यांतल्या बायका एका सतरंजीवर बसतात. त्यांतल्या काहींच्या आज्या ओतणाऱ्या होत्या आणि काहींच्या आज्या तांब्या धरून उभ्या होत्या. जुन्या गावात किती आपुलकी होती असं कोणी सांगायला लागलं, की मी विचारते, भांडं कोणी धरलेलं होतं?

तरी त्या ताकानं पोरं जगली, हेही खरं. ज्वारीची कण्या-आंबील ताकाशिवाय घशाखाली उतरत नाही. लोणी गेलं तेव्हा ताकही गेलं.

ते कसं गेलं? एका दिवसात नाही गेलं. १९३७ साली डालडा आला. तुपासारखा दिसणारा, तुपापेक्षा स्वस्त. लग्नाच्या पंगतीत बुंदी डालड्यात तळली जाऊ लागली, तूप घेणारी गिऱ्हाइकं कमी झाली. शहरात पोल्सनचं खारवलेलं पिवळं लोणी साहेबाच्या टेबलावर आलं. गुजरातेत आणंदला १९४६ साली शेतकऱ्यांनी आपला दूध संघ काढला, तोच पुढं अमूल. पुढं वर्गीस कुरियन यांच्या नेतृत्वाखाली १९७० साली ऑपरेशन फ्लड सुरू झालं. १९७६ चा 'मंथन' सिनेमा त्याच चळवळीवरचा, पाच लाख शेतकऱ्यांनी दोन-दोन रुपये देऊन काढलेला. नाव बघा, मंथन! म्हणजे घुसळणच. आणि ज्या दिवसापासून सकाळी दूध केंद्रावर जायला लागलं, त्या दिवसापासून घरातली घुसळण थांबली.

आपल्या मराठवाड्यात मात्र डेअरीच्या आधी दुष्काळ आला. १९७२. माणसं खडी फोडायला गेली, सुकडी खाऊन राहिली. जनावरं दावणीला मेली, नाहीतर मिळेल त्या भावाला बाजारात गेली. डेरे पालथे पडले, आणि पुन्हा म्हैस यायला कित्येक घरांना वर्षं लागली, कित्येकांकडं ती आलीच नाही.

याच्या जोडीला एक बदल झाला, त्याकडं फारसं कोणी लक्ष देत नाही. तो आहे ज्वारीचा. १९६४ साली ज्वारीचं पहिलं संकरित वाण आलं. कणीस भरदार, ताट मात्र बुटकं. धान्य वाढलं, कडबा घटला. नंतर ज्वारीच्याच जागी कापूस आला, २००२ पासून बीटी कापूस, आणि सिल्लोड-कन्नडकडं मका. पऱ्हाटी काही जनावर खात नाही. ज्वारी गेली की कडबा गेला, कडबा गेला की म्हैस विकली, म्हैस गेली की रवी माळ्यावर. शेतात काय पेरायचं हे ठरवताना घरातल्या बाईला कोणी विचारलं नाही, पण तिच्या मडक्यातला पैसा त्याच पेरणीनं गेला.

हे फक्त आपल्याकडं घडलं असंही नाही. युरोपातही शेतकऱ्याच्या घरी लोणी काढणं हे बायकांचं काम होतं आणि लोणी-अंड्यांचा पैसा बायकांचा मानला जायचा. १८७८ साली स्वीडनच्या गुस्ताव द लाव्हालनं दुधातून साय वेगळी काढणारं, गरगर फिरणारं यंत्र काढलं. १८८२ साली डेन्मार्कमध्ये येडिंग या गावी शेतकऱ्यांनी पहिली सहकारी डेअरी सुरू केली. लोणी एकसारखं झालं, चांगलं झालं, परदेशात विकलं गेलं, शेतकरी सुधारले. आणि हळूहळू लोण्याच्या कामात यंत्रापाशी, हिशेबापाशी पुरुष उभे राहिले. सात समुद्रापलीकडं तेच, आणि आपल्या गल्लीतही तेच.

डेअरीला मी नावं ठेवत नाही. पहाटेची दोरी सुटली, हे सुख लहान नाही. दर दहा दिवसांनी रोख पैसा हातात येतो, व्यापाऱ्याच्या तराजूच्या भरवशावर राहावं लागत नाही. पण केंद्रावरची पावती काढून बघा. तिच्यावर लिटर असतात, फॅट असते, एसएनएफ असतं. फॅट म्हणजेच आपलं लोणी. पूर्वी गोळ्यात दिसायचं, आता आकड्यात दिसतं. सहा पॉइंट पाचऐवजी सहा आलं तर दहा लिटरमागं पन्नास ग्रॅम चरबीचा फरक पडतो. रवी ओढणाऱ्या बाईला हा फरक हाताला कळला असता. आणि त्याच पावतीवर वर नाव कोणाचं आहे? शेण कोणी काढलं, वैरण कोणी टाकली, धार कोणी काढली, आणि खातं कोणाच्या नावावर? केंद्र सरकारनं १९८६-८७ मध्ये बायकांच्या रोजगारासाठी 'स्टेप' नावाची योजना काढली. तिच्यातून दुग्धव्यवसायालाही मदत मिळाली आणि बायकांच्या स्वतंत्र दूध संस्था कित्येक ठिकाणी उभ्या राहिल्या. ज्या गावात अशी संस्था आहे, तिथं सभासद बाई, सचिव बाई, खातं बाईचं. बाकीच्या गावांत अजून बहुतेक ठिकाणी बाईचं बोटही यंत्राला लागत नाही.

आता काही गटांनी पुन्हा तूप कढवायला घेतलं आहे. घुसळण आता मोटारीवर होते, दोरीवर नाही, आणि तसंच असावं. माझं मत विचाराल तर आधी पाटी-पेन्सिल घ्या. दहा लिटर म्हशीच्या दुधात साधारण साडेसहाशे ग्रॅम चरबी. त्यातली थोडी ताकात राहते, थोडी भांड्याला आणि बेरीत जाते. साडेपाचशे ग्रॅम तूप हाती आलं तर चांगलं जमलं म्हणायचं. त्या तुपाचे पैसे एका बाजूला लिहा, दुसऱ्या बाजूला तेच दहा लिटर केंद्रावर घातले असते तर किती आले असते ते लिहा, सरपण किंवा गॅस धरा, बरणी धरा, आणि आपली मजुरी धरायला विसरू नका. आपल्या आज्यांनी ती कधीच धरली नव्हती. राहिलं ताक. त्याचं काय करायचं, विकायचं की वाटायचं, यावर आमच्या दोन बैठका नुसत्या वादात गेल्या. एक बाजू म्हणाली, ताक विकलं तर लोक काय म्हणतील. दुसरी म्हणाली, पिशवीतलं ताक पैसे देऊन आणताना लोक काही म्हणत नाहीत. शेवटी असं ठरलं की अंगणवाडीच्या पोरांना रोज एक चरवी, सगळ्या वस्त्यांतल्या पोरांना एकाच मापानं, आणि उरलेलं विकायचं.

जाता जाता एक काम सांगते. हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हँ या दोघांनी खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्या जमवल्या, त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. घुसळतानाच्या ओव्या मात्र माझ्या कानावर फार कमी आल्या आहेत. घुसळताना कान डेऱ्याच्या आवाजाकडं ठेवावा लागतो, म्हणून बायका कमी गात असतील, असा माझा अंदाज. तुमच्या घरात एखादी आजी असेल आणि तिला अशी ओवी येत असेल, तर तिला घेऊन केंद्रावर या. आपण ती तिच्याच आवाजात रेकॉर्ड करू. माळ्यावर जुनी रवी असेल तर तीही आणा. घासून आणायची गरज नाही.